आत्महत्या, पाप आणि क्षमा

प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टिनने आत्महत्येला बायबलमधील ‘हत्या करू नकोस’ या आज्ञेचाच भंग मानले आणि १९१७ च्या कॅथलिक चर्चच्या कायद्याने जाणूनबुजून जीव देणाऱ्याला, त्याने मरणापूर्वी पश्चात्ताप दाखवला नसल्यास, धार्मिक दफन नाकारले. ती शिक्षा खरे तर मागे राहिलेल्यांनाच भोगावी लागे, असे मला मनापासून वाटते. १९८३ च्या कायद्यात ती बंदी उरली नाही. तरीही गोव्याच्या बार्देश तालुक्यातील आमच्या वाड्यावर मुलगा गमावलेल्या शेजारीणबाईंनी, रोझरीचे मणी मुठीत घट्ट धरून, ‘देव त्याला क्षमा करील ना?’ असे मला विचारले. मी हिंदू, तरी १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात काय आहे ते त्यांना सांगितले: कृत्य गंभीरच, परंतु तीव्र मानसिक व्याधी, भय वा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, त्याच्या तारणाची आशा सोडू नये आणि चर्च अशांसाठी प्रार्थना करते.