रजिस्टरात 'पास' लिहिलेली नळी

कॉलरा टॉक्सिनचा बी-तुकडा स्वतः विषारी नाही. जुलाब घडवतो तो ए-तुकडा, आणि आम्ही ज्या ई. कोलाय जिवाणूंकडून बी-तुकडा बनवून घेतो, त्यांच्यात ए-चं जनुकच घातलेलं नाही. बी-तुकड्याच्या पाच साखळ्यांचं कडं आतड्याच्या पेशींवरच्या जीएम-१ नावाच्या रेणूला चिकटतं, म्हणून चिपळूणजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत आतड्याच्या सुजेवर त्याची चाचणी चालते. अंगच्याच हिस्टिडिन या अमिनो आम्लामुळे बी-तुकडा वेगळी हिस्टिडिनची शेपटी न जोडताही शुद्धीकरणाच्या निकेल-कॉलमला धरतो. शुद्धीकरणाचं दुखणं तिथे नाहीच.

दुखणं एंडोटॉक्सिनचं. ई. कोलायच्या भिंतीतला, स्वतःच सूज पेटवणारा हा ऐवज ऑटोक्लेव्हच्या वाफेला जुमानत नाही. काचसामान २५० अंशांवर अर्धा तास भाजता येतं, प्रथिन थोडंच भाजता येतं? आणि तो राहिला, तर उंदरात दिसलेला परिणाम बी-तुकड्याचा की घाणीचा हे कळत नाही.

आषाढातल्या बॅचची एंडोटॉक्सिन शोधणारी एलएएल चाचणी झाली. ०.१ मिली नमुना, तेवढंच लायसेट, ३७ अंशांवर ६० मिनिटं न हलवता, मग नळी सावकाश उलटी करायची. घट्ट गोळा जागचा हलला नाही तर एंडोटॉक्सिन आहे. (लायसेट येतं हॉर्सशू क्रॅबच्या रक्तातून. त्याचे भारतातले भाऊबंद ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर, आपल्या चिंबोऱ्या या कामाच्या नाहीत.)

नमुना पाण्यासारखा वाहिला. रजिस्टरात 'पास'.

पण शेजारच्या नळीत त्याच नमुन्यात मुद्दाम मिलीला ०.२५ युनिट एंडोटॉक्सिन घातलं होतं. ती गोठायलाच हवी, तीही वाहिली. "लाइट गेली होती ना सर, नळ्या ठेवायचा गरम पाण्याचा बाथ थंड पडला," सहायक म्हणाला. पावसाळ्यात आमच्याकडे सगळी पापं लाइटच्या माथी. मग त्याच बाथमधली, साध्या पाण्यात एंडोटॉक्सिन घातलेली प्रमाण-नळी दगडासारखी कशी गोठली?

म्हणजे अडवत होता तो नमुनाच. कॉलममधून सुटलेलं निकेल धरायला आम्ही शेवटी ५ मिलीमोलर ईडीटीए घालतो. लायसेटमधल्या एन्झाइमांना लागणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमही तो गिळतो. नमुना शंभरपट पातळ केला आणि दोन्ही नळ्या गोठल्या. लायसेट गोठायला मिलीला किमान ०.१२५ युनिट लागतं, म्हणजे शंभरपटीने मूळ नमुन्यात मिलीला किमान १२.५ युनिट!

डायलिसिसने, म्हणजे नमुना झिरपत्या पिशवीत घालून बफरमध्ये ठेवला की, ईडीटीए जातो, एंडोटॉक्सिनचे मोठे पुंजके पिशवीतच राहतात. म्हणून पुढची बॅच कॉलमवर असतानाच धुतली: ०.१ टक्के ट्रायटन एक्स-११४ हे डिटर्जंट, ४ अंशांवर, कॉलमच्या ५० पट. मग डिटर्जंट काढायला नुसत्या बफरचे २० पट. साधारण २२ अंशांवर हे डिटर्जंट दुधाळ होऊन वेगळं पडतं, तेव्हा इथल्या जुलैत कोल्ड रूमचं दार उघडं टाकणाऱ्यांना मी ओरडतो. ईडीटीए आता वेगळ्या डायलिसिसने काढतो. दहापट पातळ नमुना वाहिला, एंडोटॉक्सिन घातलेली नळी गोठली.

आधीच्या तीन बॅचची रजिस्टरं काढली. तिन्हींवर 'पास', आणि त्या दुसऱ्या नळीचा रकाना कोरा. कुप्या अजून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये आहेत. त्यातली एक उंदरांना देऊन झाली आहे.