रेडिएशनमध्ये तोंड सांभाळताना: सोडा, मीठ आणि घड्याळ

अण्णांच्या गालाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन ठरलं: ३० सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. निफाड ते नाशिक रोज एसटी. पहिले दहा दिवस तोंडाला काहीच होत नाही आणि घरचे इथेच गाफील राहतात. तोंडातलं अस्तर सारखं झिजतं, खालून नवं येतं. रेडिएशन सुरू झालं की नवं येणं मंदावतं, पण जुनं झिजायला दोनेक आठवडे लागतात. मग लाली, मग पांढरट सालपटं, मग आवंढा गिळतानाही डोळ्यांत पाणी. म्हणून गुळण्या पहिल्या सिटिंगपासून.

उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात सपाट एक चमचा मीठ आणि तेवढाच खायचा सोडा. चमचा ५ मिलीचा, मोजायचा. चिमटीच्या अंदाजाने मीठ जास्त पडलं तर तोंड आणखी चरचरतं. आमचं एकदा झालं. बेकिंग पावडर चालत नाही, तिच्यात आम्लही असतं. सोड्याने चिकट लाळ सैल होते, आंबटपणा मरतो. घोट अर्धा मिनिट तोंडात खेळवायचा आणि थुंकायचा, दर दोन तासांनी, शिवाय खाण्याआधी-नंतर. रात्री उरलेलं फेकून सकाळी नवं. एसटीत अर्ध्या लिटरची बाटली आणि थुंकायला झाकणाचा डबा पिशवीत हवाच. नाशिकच्या बसस्टँडला, सीबीएसला, उतरेपर्यंत गुळण्यांची एक वेळ चुकली की चिकटा इतका साचतो की बोलता येत नाही.

दुकानातला झिणझिणीत माउथवॉश नको, बऱ्याच बाटल्यांत अल्कोहोल असतं. डॉक्टरांनी ०.१५ टक्के बेंझिडामिनचा, म्हणजे दुखणं कमी करणारा, लिहून दिला होता. तोही झोंबायला लागला तेव्हा त्यांना विचारून निम्मं पाणी घातलं. जेवणाआधी बधिर करणारं लिग्नोकेनचं औषध मिळतं, पण त्याने घसाही सुन्न होतो. ठसका लागतो, चहा किती गरम आहे ते कळत नाही, जीभ चावली जाते. ते लावल्यावर सगळं कोमट आणि सावकाश. दुखण्याची गोळीही कळ उठल्यावर नाही, जेवणाआधी अर्धा तास.

ब्रश अगदी मऊ, कोमट पाण्यात बुडवून. कवळी असेल तर जेवणापुरतीच. रोज संध्याकाळी टॉर्च लावून तोंड बघायचं. दह्याच्या कणांसारखे ठिपके दिसले तर बहुधा बुरशी. तिला वेगळं औषध लागतं, नुसत्या गुळण्यांनी जात नाही. ताप किंवा रक्त दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

तुरटी, बोरो-ग्लिसरीन असं कोणी ना कोणी सुचवतंच. तुरटीने तोंड आवळतं, ग्लिसरीनने कोरडं पडतं. बर्फ चघळण्याचा सल्ला खरा आहे, पण तो काही ठराविक केमोसाठी. रेडिएशनचे छाले त्याने थांबत नाहीत, घटकाभर गार वाटतं एवढंच.

मिसळ, चिवडा, पापड बंद हे कोणालाही कळतं. हंगामातली द्राक्षंही बंद, हे निफाडात पटवणं अवघड! मुगाचं कढण, तूप घातलेला गुरगुट्या भात, दुधातली नाचणीची खीर, वरणात कुस्करलेलं अंडं हे जातं. आंबील नको, ताकाचा आंबटपणा झोंबतो. दर सोमवारी एकाच काट्यावर वजन करायचं. ते भराभर उतरलं की डॉक्टर अन्नासाठी नाकातून नळी सुचवतात. नळी म्हणजे शेवट असं समजून घरचे अडून बसतात, पण वजन घटलं की रेडिएशनच्या वेळी डोकं हलू न देणारा मास्क सैल होतो आणि सिटिंगच थांबायची वेळ येते. चार आठवड्यांची नळी त्याहून बरी.

तिसावं सिटिंग झालं की पेढे वाटून गुळण्या सोडू नका. तोंड सगळ्यात जास्त दुखतं ते त्याच सुमाराला, पुढच्या आठवड्यातही. सालपटं निघून अस्तर गुलाबी व्हायला आणखी दोन ते चार आठवडे जातात. तोवर लिटरभर पाणी, एक चमचा मीठ, एक चमचा सोडा.