तुटक पाळीचे तेरा तास : रोस्टर तपासण्याचा माझा अनुभव

२०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात आमच्या संस्थेत काम करणाऱ्या एका मदतनीस ताईंनी आपली वेतनचिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि त्या म्हणाल्या, "अगं, सकाळी साडेसहाला मी घर सोडते, रात्री साडेआठनंतर घरी पोचते, आणि दिवसाचे तास इथे सव्वाचारच दिसतात. हे बरोबर आहे का, एकदा बघशील?" त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. मेलबर्नच्या पश्चिमेकडील उपनगरांत अपंग व्यक्तींच्या घरी जाऊन त्यांची अंघोळ, जेवण, औषधे हे सगळे त्या पाहतात. त्याच संस्थेत कोणी, कोणाकडे, किती वाजता जायचे याचे रोस्टर, म्हणजे आपल्याकडची ड्यूटी लिस्ट, मी तयार करते. त्या दिवशीची त्यांची पाळी मीच लावली होती आणि संगणकाने तिच्यापुढे 'नियमांत बसते' अशी हिरवी खूणही दाखवली होती, त्यामुळे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे माझेच काम होते.

ते उत्तर 'अवॉर्ड'मध्ये होते, आणि ऑस्ट्रेलियात या शब्दाचा अर्थ बक्षीस असा नाही. आपल्याकडे पत्रकारांना 'पालेकर अवॉर्ड' हा शब्द ज्या अर्थाने ठाऊक आहे, त्याच्या जवळ जाणारा, म्हणजे वेतन आणि कामाच्या अटी ठरवणारा बंधनकारक निवाडा, असा तो अर्थ आहे. २००९ च्या फेअर वर्क कायद्यानंतर जुन्या शेकडो निवाड्यांच्या जागी प्रत्येक उद्योगासाठी सुटसुटीत अवॉर्ड आले आणि ते १ जानेवारी २०१० पासून लागू झाले. आमच्या क्षेत्राला लागू होणाऱ्या अवॉर्डचे नाव लांबलचक आहे : सोशल, कम्युनिटी, होम केअर अँड डिसॅबिलिटी सर्व्हिसेस इंडस्ट्री अवॉर्ड २०१०. रोजच्या बोलण्यात त्याला सगळे 'स्कॅड्स' म्हणतात. किमान दर, शनिवार-रविवारचे वाढीव दर, दोन पाळ्यांमधली विश्रांती, रोस्टर किती दिवस आधी लावायचे, बदल किती दिवस आधी कळवायचा, हे सारे त्यात कलमवार लिहिलेले असते.

यातले सर्वांत अवघड कलम आहे २५.६, तुटक पाळीचे, ज्याला इथे 'ब्रोकन शिफ्ट' म्हणतात. घरी जाऊन करण्याच्या सेवेचे स्वरूपच असे असते की सकाळी अंघोळीच्या वेळी माणूस लागतो, दुपारी औषधाच्या वेळी लागतो आणि मग थेट रात्रीच्या जेवणाला लागतो, आणि मधल्या तासांचे पैसे कोणीच देत नाही. १ जुलै २०२२ पासून या कलमात आणि किमान वेतनाच्या कलमात मोठा बदल झाला. अपंगसेवेतल्या अर्धवेळ आणि कॅज्युअल कर्मचाऱ्याला तुटक पाळीच्या प्रत्येक तुकड्यासाठी किमान २ तासांचे वेतन द्यावे लागते. पाळी एकदा तुटली तर प्रमाण साप्ताहिक वेतनाच्या १.७ टक्के आणि दोनदा तुटली तर २.२५ टक्के भत्ता द्यावा लागतो, आणि दोनदा तोडण्यासाठी कर्मचाऱ्याची संमतीही लागते. पहिल्या तुकड्याच्या सुरुवातीपासून १२ तास उलटल्यावर केलेले काम दुप्पट दराने मोजायचे असते, आणि लागोपाठच्या दोन दिवसांतल्या अशा पाळ्यांमध्ये १० तासांची विश्रांती सोडावी लागते.

आता ताईंचा तो मंगळवार पाहा. सकाळी ७ ते ९ एका घरी, दुपारी साडेबारा ते सव्वा दुसऱ्या घरी, संध्याकाळी साडेसहा ते ८ तिसऱ्या घरी. प्रत्यक्ष काम सव्वाचार तासांचे झाले आणि वेतनचिठ्ठीवर तेवढेच होते. परंतु अवॉर्डप्रमाणे पाऊण तासाच्या दुपारच्या भेटीचे २ तास, दीड तासाच्या संध्याकाळच्या भेटीचे २ तास आणि सकाळचे २ तास, असे किमान ६ तास मोजायला हवे होते. पाळी दोनदा तुटली म्हणून २.२५ टक्क्यांचा भत्ता वेगळा. सकाळी ७ पासून १२ तास धरले की संध्याकाळचे ७ वाजतात, म्हणून ७ ते ८ हा तास दुप्पट दराचा. त्यांच्या फोनवरच्या हजेरीत मला आणखी एक गोष्ट दिसली. त्या दिवशी त्या ८ वाजता नव्हे तर ८ वाजून १२ मिनिटांनी बाहेर पडल्या होत्या, कारण त्या घरातल्या आजोबांना जेवायला वेळ लागला होता. ती १२ मिनिटे मी 'रोस्टरप्रमाणे' हे बटण दाबून छाटली होती. सोमवार ते शुक्रवार रात्री ८ नंतर संपणारी पाळी ही दुपारपाळी ठरते आणि तिच्यावर १२.५ टक्के वाढीव दर लागतो. तुटक पाळीसाठी हे तिच्या शेवटच्या तुकड्याच्या वेळेवरून ठरते, म्हणजे त्या १२ मिनिटांमुळे सकाळी सातपासूनची सगळी पाळी वाढीव दराची झाली होती. शिवाय दुसऱ्या दिवशी त्यांना सकाळी ६ वाजता हजर व्हायचे होते. रोस्टरवर विश्रांती बरोबर १० तासांची होती, प्रत्यक्षात ती ९ तास ४८ मिनिटांचीच मिळाली.

हे सगळे समोर असूनही हिरवी खूण का आली, हे शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सेवार्थीचा निधी वेगळा म्हणून प्रत्येक घर हा एक स्वतंत्र विभाग केला होता, आणि तुटक पाळीचा नियम एकाच विभागातले तुकडे जोडून पाहत होता. ताईंची तीन घरे म्हणजे त्याच्या लेखी एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन पाळ्या होत्या. किमान २ तासांची तपासणी दिवसाच्या बेरजेवर लावलेली होती, आणि सव्वाचार तास हे दोनपेक्षा जास्त असल्यामुळे ती पार पडत होती. खरे मूळ त्याहून आधीचे होते. सॉफ्टवेअर कंपनीने दिलेला अवॉर्डच्या नियमांचा तयार साचा माझ्या आधीच्या कोणीतरी आमच्या सोयीने बदलून वेगळ्या नावाने जतन केला होता, आणि बदललेला साचा त्या कंपनीच्या सुधारणांबरोबर आपोआप बदलत नाही. म्हणजे जुलै २०२२ चा बदल आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

माझे वडील नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. १९४८ च्या कारखाना अधिनियमात विश्रांती धरून कामगाराचा दिवस साडेदहा तासांपेक्षा जास्त पसरू नये अशी तरतूद होती. त्याला ते 'स्प्रेडओव्हर' म्हणत. मस्टर तपासताना ते आधी तास मोजत नसत. माणसाचा पहिला पंच आणि शेवटचा पंच पाहत. त्या तिसऱ्या संध्याकाळी मला त्याची आठवण झाली आणि मी पडद्यावरचे दृश्य बदलले. आम्ही रोस्टर नेहमी सेवार्थीनुसार पाहत होतो, कारण कोणाचे घर रिकामे राहता कामा नये हीच आमची चिंता असायची. मी ते कर्मचाऱ्यानुसार उभे केले, एका ओळीत एक माणूस आणि त्याचा आख्खा दिवस. पाच मिनिटांत मला बारा तासांपलीकडे गेलेले आणखी अकरा दिवस एकाच पंधरवड्यात दिसले.

त्यानंतर मी कलमे छापून घेतली आणि एका वहीत डावीकडे प्रत्येक कलमाचा अर्थ माझ्या शब्दांत आणि उजवीकडे सॉफ्टवेअरमधली त्याची मांडणी, असे लिहीत गेले. जिथे उजवी बाजू कोरी राहिली तिथे खूण केली. मग एक खोटा कर्मचारी तयार करून त्याला मुद्दाम काठावरच्या पाळ्या लावल्या : बरोबर १२ तासांचा पसारा, १२ तास ५ मिनिटांचा पसारा, ९ तास ५५ मिनिटांची विश्रांती, ८ वाजता संपणारी आणि ८ वाजून १ मिनिटाने संपणारी पाळी, सलग ५ तासांच्या पुढे जेवणाच्या सुट्टीशिवाय चाललेले काम. अशा २२ चाचण्यांपैकी ९ चाचण्यांत उत्तर चुकीचे आले. मधल्या, सोप्या पाळ्या तपासून काहीही कळत नाही, कारण चूक काठावरच राहते. जिथे कलमाची भाषा मला नीट उलगडली नाही, तिथे फेअर वर्क ओम्बड्समन, म्हणजे कामाच्या नियमांविषयी सल्ला देणारे सरकारी कार्यालय, त्याच्या १३ १३ ९४ या क्रमांकावर फोन केला, मिळालेले उत्तर कलमाच्या क्रमांकासह वहीत उतरवले आणि तारीख घातली.

वरिष्ठांपुढे हा विषय नेणे मला सर्वांत जड गेले. पहिली प्रतिक्रिया अशी होती की वेतन विभाग पाहून घेईल आणि इथून पुढे नीट लावले म्हणजे झाले. मी दोन गोष्टी मांडल्या. थकलेले वेतन मागण्याची मुदत ६ वर्षांची आहे आणि वेळ व वेतनाच्या नोंदी ७ वर्षे जपणे आपल्यावर बंधनकारक आहे, म्हणून हा हिशेब पुसला जाणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, हेतुपुरस्सर कमी वेतन देणे १ जानेवारी २०२५ पासून फौजदारी गुन्हा ठरणार असा कायदा डिसेंबर २०२३ मध्येच झाला होता आणि त्यात व्यक्तीला १० वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. आजवर झाले ते अजाणता झाले, परंतु माहीत झाल्यावर तसेच ठेवले तर त्याला अजाणता म्हणता येणार नाही, हे मी शांतपणे पण स्पष्ट सांगितले. त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी मागचा संपूर्ण हिशेब काढायला परवानगी दिली.

४ जुलै २०२२ ते २५ फेब्रुवारी २०२४ असे ४३ पंधरवडे आम्ही उघडले. सुधारलेला साचा जुन्या हजेरीवर पुन्हा चालवून फरक काढला, आणि जिथे मी किंवा इतरांनी मिनिटे छाटली होती तिथे फोनवरची मूळ नोंद ग्राह्य धरली. वेतनाबरोबर रजेची जमा आणि निवृत्तीचा सुपर निधीही दुरुस्त करावा लागला. ते काम लेखापालांनी केले. मे महिन्यात २७ जणांना फरकाची रक्कम मिळाली. प्रत्येकाला तारीखवार तक्ता आणि चूक कोठे झाली हे सांगणारे पत्र दिले, कारण नुसती रक्कम खात्यात आली की माणूस ती नीट तपासू शकत नाही. काम सोडून गेलेल्यांपैकी एक मुलगी नागपूरला परतली होती आणि तिचे इथले खाते बंद झाले होते. तिच्या जुन्या सहकारिणीकडून पत्ता मिळवून तिलाही तिची रक्कम पाठवली. संस्थेने हे केले याचे मला आजही मनापासून समाधान आहे.

आता रोस्टर १४ दिवस आधी लागते आणि ते लावण्याआधीच मी कर्मचाऱ्यानुसार दृश्य वाचते, कारण पाळी होऊन गेल्यावर सापडलेल्या चुकीचे फक्त पैसे देता येतात, गेलेली झोप परत देता येत नाही. इशारा डावलून पुढे जायचे असेल तर कारण लिहिल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही, अशी सोय करून घेतली. ७ दिवसांच्या आत रोस्टर बदलायचे तर कर्मचाऱ्याची लेखी संमती आहे की दुसऱ्या कोणाच्या आजारपणामुळे बदल करावा लागला, हे तिथेच नोंदवले जाते. सेवार्थीने भेट रद्द केली आणि कर्मचाऱ्याला ते पाळी सुरू व्हायला १२ तासांपेक्षा कमी वेळ उरला असताना कळवले, तर त्या पाळीचे पैसे द्यावेच लागतात, आणि त्याआधी कळवले असेल तर एक तर पैसे नाहीतर ६ आठवड्यांच्या आत भरपाईची पाळी द्यावी लागते. त्या ६ आठवड्यांचा हिशेब मी अजूनही वहीत ठेवते, कारण आमच्या सॉफ्टवेअरला तो जमत नाही. दर १ जुलैला दर बदलले की त्या २२ चाचण्या पुन्हा चालवते. सार्वजनिक सुट्ट्यांकडेही लक्ष ठेवावे लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्नला कप डेची सुट्टी असते, पण व्हिक्टोरियातल्या काही ग्रामीण भागांत तिच्याऐवजी दुसराच दिवस ठरलेला असतो.

ताईंची दुपारची भेट आता त्याच रस्त्यावर राहणाऱ्या दुसऱ्या मदतनिसाकडे गेली आहे, आणि तिच्या सकाळच्या कामाला जोडून असल्यामुळे तिचीही पाळी तुटत नाही. ताई सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ अशी एकदाच तुटणारी पाळी करतात. हे वेळापत्रक त्यांच्या अर्धवेळ करारात लेखी घातले तेव्हा सही करण्याआधी त्यांनी प्रत्येक दिवसाची सुरुवात आणि शेवट बोट ठेवून वाचला, आणि शुक्रवारची एक वेळ त्यांना बसेमुळे गाठता येणार नव्हती ती १५ मिनिटे पुढे सरकवून घेतली.