न वाजलेली शीर

आमच्या निपाणी भागात तंबाखू बांधायला बसायचं ते पहाटेच. उन्हात वाळलेलं पान दुपारी हातात घेतलं तर पापडासारखं मोडतं. रात्री दव पडलं की तेच पान नरमतं, आणि ऊन चढेपर्यंतचे तीन-चार तास काय ते आपले. बिडीची तंबाखू सुटीच बोदात, म्हणजे गोणपाटाच्या मोठ्या गठ्ठ्यात, भरली जाते. पण काही घरांत खायच्या पानासाठी शेताचा वेगळा तुकडा असतो, त्याच्या जुड्या हाताने बांधाव्या लागतात. सतरा वर्षं मी बायकांची टोळी घेऊन हेच काम करतो.

जुडी म्हणजे वीस-बावीस पानं. सगळे देठ एका पातळीत आणायचे, एक रुंद, न फाटलेलं पान उभं दुमडून त्याची पट्टी करायची, ती देठांवर चार बोटं गच्च गुंडाळायची आणि शेपूट जुडीच्या पोटातून ओढून घ्यायचं. सुतळी नाही, गाठ नाही. नीट बांधलेली जुडी देठाला धरून झटकली तरी एक पान गळत नाही. आमच्या टोळीतल्या आक्काच्या जुड्या डोळे मिटून ओळखाव्यात, इतक्या सारख्या. बोद भरताना देठ बाहेर आणि शेंडे आत, कारण देठातली ओल सगळ्यांत उशिरा सुटते, त्याला वारा लागायला हवा. प्रत्येक थर अनवाणी तळव्याने दाबायचा. टाच मारली की पान फाटतं. मग गोणपाट ओढून दाभणाने शिवायचं.

या सगळ्याच्या आधी पानाची परीक्षा. मुठीत दाबून सोडलं की पान सावकाश उघडलं पाहिजे, आणि मधली शीर वाकवली की ‘कट’ वाजली पाहिजे. पान नरम आणि शीर कडक, हे दवाचं काम. शीर मुकाट्याने वाकली, तर पाणी आत शिरलंय.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस वेदगंगेच्या काठच्या एका गावात तात्यांच्या खळ्यावर आम्ही पहाटे चारला पोचलो. ढिगावर गोणपाटं होती. तात्या म्हणाले, “दव झकास पडलंय, बसा लगेच.” मी हात घातला तर पान लोण्यासारखं मऊ. शीर वाकवली. वाजली नाही. दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं. मग परत जाऊन मी माझ्या मोटारसायकलच्या सीटवरून हात फिरवला. सीट कोरडी होती. रात्रभर वारा होता, दव पडलंच नव्हतं. खळ्याच्या कोपऱ्यात पाण्याची झारी मात्र ओली होती.

मी काही बोललो नाही. सहा बायका भाकरी बांधून दोन कोस आलेल्या, काम थांबवलं तर त्यांचा रोज बुडतो, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण हेही होतं की पुढच्या आठवड्यात तात्यांच्या दोन भावांचंही काम मलाच मिळणार होतं.

तात्या वाईट माणूस नव्हे. आमच्याकडे पाणी मारायची खोड लागली ती वजनकाट्यामुळे. व्यापाऱ्याचा माणूस बोदात हात घालतो आणि ओल असो-नसो, ‘ओल’ म्हणून काही किलो कापतोच. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूला सरकारी टोबॅको बोर्डाचे लिलाव आहेत. आमच्या तंबाखूला तसलं काही नाही, खळ्यावर जो येईल त्याचा भाव. १९८१ साली याच भावासाठी शेतकरी हायवेवर बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ जण गेले. तात्यांचे वडील त्या आंदोलनात होते. काटा कापणारच असेल तर आधी पाणी घाला, हा हिशेब मला कळतो. पण ते पाणी आधी कुणाच्या अंगात जातं, याचा हिशेब मी तरी त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

त्या दिवशी आक्काची नवी सून पहिल्यांदाच कामाला आलेली. एकोणीस वर्षांची असेल. शिकायची हौस मोठी, बाह्या कोपराच्या वर सारून बसली होती. आठच्या सुमारास ती उठून कुंपणाकडे गेली आणि ओकली. परत येऊन बसली, पुन्हा गेली. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, “आक्का, पेढं काढ की!” पोरगी लाजली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम होता. मला माहीत होतं ते काय आहे, आणि तरी मी बोद शिवत राहिलो.

तिसऱ्यांदा ती जागेवरच कलंडली. आक्काने तिचे हात उचलले. तळव्यापासून कोपरापर्यंत तपकिरी पाणी ओघळलेलं. दवाने नरमलेल्या पानाने हात चिकट होतात, काळे होतात, भाकरी कडू लागते, पण असं पाणी लागत नाही. आक्काने माझ्याकडे बघितलं. “दादा, आज दव कुठं पडलंय?” एवढंच म्हणाली.

साबणाने हात धुवून, लुगडं बदलून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी हात बघूनच विचारलं, पान ओलं होतं का? पानातलं निकोटीन पाण्यात उतरतं आणि कातडीतून आत जातं, तोंडात पानाचा तुकडाही घालावा लागत नाही. आम्ही याला ‘तंबाखू लागली’ म्हणतो आणि सवय नाही म्हणून सोडून देतो. पुडीवर ८५ टक्के जागेत खाणाऱ्यासाठी धोक्याची सूचना असते. बांधणारीच्या हाताबद्दल मला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही, आणि मीही माझ्या टोळीला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोरगी बरी झाली.

शिवलेले नऊ बोद उसवू या म्हणालो, तर तात्यांनी ऐकलं नाही. अकराव्या दिवशी त्यांचाच निरोप आला. मधल्या बोदात कोपरापर्यंत हात घातला तर आत तव्यासारखी ऊब. चांगलं पान मुरताना गोडसर वास येतो. हा वास आंबट होता, नाकात झोंबणारा. उसवल्यावर मधले थर काळे पडलेले, शिरांवर पांढरी बुरशी. चार बोद उकिरड्यावर गेले. “बांधणी ढिली झाली तुझी,” तात्या म्हणाले. बांधणी ढिली नव्हती. त्या सडलेल्या जुड्याही मी देठाला धरून झटकून बघितल्या, एक पान गळलं नाही. पण मी उलट उत्तर दिलं नाही. कुठल्या तोंडाने देणार?

आता बसायच्या आधी आक्का स्वतः ढिगातून पान काढते, कानाजवळ धरून शीर मोडते. वाजली तर पदर खोचते. मला विचारत नाही.

त्या दिवशी पोरीची हजेरी मी अर्धी मांडली होती, कामाच्या तासांप्रमाणे. उरलेल्या अर्ध्या रोजाचे पैसे घेऊन महिन्याभराने त्यांच्या घरी गेलो. आक्काने पैसे मोजून घेतले. पोरगी आत चुलीपाशी होती, बाहेर आली नाही.