बेरोजगारीच्या आकड्यात मी कधी होते, कधी नव्हते

माझी नोकरी गेली त्याच महिन्यात महानगरातला बेरोजगारीचा दर किंचित उतरल्याची बातमी आली. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आमची अख्खी टीम कमी केली होती, ओळखीतले आणखी चौघे घरी बसले होते. मग दर उतरला कसा?

हे नीट कळायला मला सहा महिने लागले, आणि कळलं ते घराच्या दारात. श्रमबल म्हणजे कामावर असलेले आणि काम शोधणारे बेरोजगार मिळून; ते मोजणाऱ्या श्रमबल सर्वेक्षणाच्या नमुन्यात आमचं घर निवडलं गेलं होतं. दर तीन महिन्यांनी त्याच सर्वेक्षक ताई यायच्या.

पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं, "गेल्या सात दिवसांत मोबदल्यासाठी किमान एक तास तरी काम केलंत का?" त्या आठवड्यात मी एकांचा मजकूर तपासून दिला होता, जेमतेम तीन तास. "मग तुमची नोंद रोजगारात होईल," त्या म्हणाल्या. मला रडू आवरेना. त्यांनी टॅब बाजूला ठेवला आणि शांतपणे समजावलं की हा निकष त्यांचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेत १९८२ मध्ये ठरलेल्या आणि २०१३ मध्ये सुधारलेल्या व्याख्येवर बहुतेक देश चालतात. हातात काम नाही, गेल्या चार आठवड्यांत खरोखर शोध घेतला आणि मिळालं तर लगेच रुजू होता येईल, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस बेरोजगार.

दुसऱ्या खेपेला मी त्यात बसले. तोवर साठेक अर्ज झाले होते, पाच इंटरव्यू झाले होते.

तिसऱ्या खेपेपर्यंत माझा धीर सुटला होता. महिनाभर एकही अर्ज केला नव्हता. शोध नाही, म्हणजे मी श्रमबलातच नाही. त्या रात्री मी कागदावर गणित मांडलं. श्रमबलात १०० माणसं, त्यातली ८ बेरोजगार, दर ८ टक्के. तिघांनी शोध सोडला की उरतात ९७, बेरोजगार ५, आणि दर येतो सुमारे ५.२ टक्के. नोकरी एकालाही लागलेली नाही! माझ्या हातपाय गाळण्याने शहराचं चित्र सुधारत होतं, हे मला फार लागलं.

महानगराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. ओळखीतल्या त्या चौघांपैकी दोघांनी भाड्याची खोली सोडली आणि ते गावी परतले. माणसाची मोजणी तो राहतो तिथे होते, त्यामुळे त्यांची बेरोजगारी शहराच्या हिशेबातून गेली. उपनगरांच्या पलीकडून रोज ये-जा करणाऱ्याची नोकरी गेली, तर तीही त्याच्या राहत्या ठिकाणी दिसते. शिवाय एकट्या शहराचा नमुना लहान असतो. एका महिन्यात दर थोडा हलला, तर तो नमुन्यातला चढउतारही असू शकतो.

तेव्हापासून मी नुसता दर वाचत नाही. शेजारी श्रमबल सहभाग दर, म्हणजे लोकसंख्येतले किती टक्के श्रमबलात आहेत, तो बघते आणि लोकसंख्येतले किती जण कामावर आहेत ते बघते. बेरोजगारी उतरली आणि सहभागही उतरला, तर मला आनंद होत नाही. हंगामी भरतीचे महिने मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघते. तरुणांचा आकडा वेगळा काढून वाचते, कारण जगभर त्यांच्यातली बेरोजगारी प्रौढांच्या सुमारे तिप्पट असते. एकत्रित सरासरीत ते दिसतच नाही.

मी पुन्हा अर्ज करायला लागले, ते थोडंफार त्या गणितामुळेच. मला मोजलं जायला हवं होतं.

चौथ्या खेपेला मी अर्धवेळ कामावर होते, आठवड्याला वीस तास. ताईंनी रोजगारात नोंद केली, मग पुढचा प्रश्न वाचला, "जास्त तास काम मिळालं तर कराल का?" मी हो म्हटलं. या उत्तरासाठी वेगळा रकाना होता. ताईंनी तो भरला.