अंड्यांच्या कप्प्यातले सेल

आमच्या घरात अंडं कधी शिजलं नाही, पण फ्रीजच्या दारात अंड्यांचा कप्पा होताच. गोदरेजने भारतात फ्रीज बनवायला १९५८ साली सुरुवात केली. नाशिकच्या आमच्या गल्लीत तो पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. १६५ लिटरचा, एक दाराचा, मान बैठकीच्या खोलीतला. कप्प्याचेही पैसे मोजलेले, तेव्हा तो रिकामा ठेवणं आईला पटणारं नव्हतं. त्या खळग्यांत अर्धं लिंबू, आल्याचा तुकडा, डोळ्यांत घालायचे थेंब, ताईचं नेलपॉलिश, केशराची डबी आणि ट्रान्झिस्टरचे मोठे सेल. सेल बाबांचे. अंड्याच्या खळग्यात ते अगदी मापाने केल्यासारखे उभे राहत.

गारव्यात सेल टिकतात, हा बाबांचा सिद्धांत. त्यात तथ्यही होतं. जुने झिंक-कार्बन सेल नुसते पडून राहिले तरी उन्हाळ्यात उतरायचे, गळायचे. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते. आताचे अल्कलाइन सेल बाहेर ठेवले तरी वर्षाला जेमतेम दोन-तीन टक्के उतरतात. फ्रीजमधून काढले की उलट त्यांच्यावर दव धरतं. हे सगळं ठाऊक असूनही माझ्या फ्रीजच्या दारात रिमोटचे सेल आहेत. बायको रत्नागिरीची, त्यामुळे आता घरात अंडी येतात. ती बिचारी भाजीच्या ट्रेमध्ये.

बाबांचा दुसरा नियम म्हणजे रात्री झोपताना फ्रीज बंद. "दिवसभर राबतो, त्यालाही विसावा नको का?" खरं कारण विजेचं बिल. वास्तविक कॉम्प्रेसर तसाही मधूनमधून थांबतच असतो, आणि रात्रभरात गेलेला गारवा भरून काढायला सकाळी त्याला एका दमात राबावं लागतं. वाचणार ते किती! पण डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरला की फ्रीज सरळ महिनाभर बंद. मग दूध जाळीच्या कपाटात आणि फ्रीजमध्ये साखर, गूळ, लाडवांचा डबा. दाराला रबर असतं, मुंगी शिरत नाही. एवढं महाग मुंगीबंद कपाट गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. सुट्टीला गावी जाताना मात्र तो पुसून, रिकामा करून, दारात पेपरची घडी अडकवून जायचं, नाहीतर परत आल्यावर कुबट वास.

गरम भांडं आत ठेवायचं नाही, हे आईचं. त्या फ्रीजपुरतं बरोबर होतं, कारण वाफेचा फ्रीजरवर बर्फ साचायचा आणि मग ते लाल बटण दाबून, खाली जुनं धोतर पसरून, रात्रभर टपटप ऐकत बसावं लागे. आता भात दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये म्हणतात. आईचा भात अजून ओट्यावर निवतोच आहे.

तिचा खरा मुलूख म्हणजे सायीचं पातेलं. रोजची साय थरावर थर, आठवडाभर. मग विरजण, रवी, लोणी आणि शेवटी कढवताना विड्याचं पान. म्हणून कापलेला कांदा फ्रीजमध्ये ठेवायला सक्त मनाई. कापलेला कांदा म्हणे विषारी होतो, असे निरोप हल्ली फोनवर फिरतात; ते थोतांड आहे. आईचं कारण साधं आणि पक्कं: सायीला शेजाऱ्याचा वास लागतो, आणि तो तुपापर्यंत जातो.

बायकोच्या माहेरची रीत वेगळी. पावसाळ्यात रवा, बेसन, काजू फ्रीजरमध्ये. हे शंभर टक्के बरोबर, किडीची अंडी थंडीने मरतात. त्यांच्या शेजारी सोडे, म्हणजे वाळवलेली सोललेली कोळंबी. सोड्यांचा भाव बघता त्यांना तिजोरीतच ठेवायला हवं. आमच्याकडे ते दोन पिशव्यांत, वरून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजरच्या पार मागे असतात आणि साय खालच्या खणात. सीमारेषा दोन्हीकडून मान्य आहे. तरी गेल्या श्रावणात आई राहायला आली, तेव्हा तिने तुपाचं भांडं उघडून हुंगलं, झाकण लावलं, आणि जेवायला बसल्यावर वरणभातावर घ्यायला दुकानचं तूप आहे का म्हणून विचारलं.