संभाजीनगरच्या आयरिश पबात जाताय? आधी पाइंट मोजून घ्या

निकाल आधीच सांगून टाकतो. जायला हरकत नाही, पण मेनूवर जे जे आयरिश म्हणून छापलंय त्यातलं निम्मं सोडून द्या आणि बिल आल्यावर मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. सिडकोच्या बाजूला आतल्या रस्त्यावरचा हा छोटा पब आहे. आठ-दहा टेबलं, लाकडी बार, हिरव्या भिंती, मोठ्या टीव्हीवर क्रिकेट. बोर्डावर हिरवं पान आहे चार पाकळ्यांचं. आयर्लंडचं चिन्ह असलेला शॅमरॉक तीन पानी असतो. चार पानांचं ते नशीबवाल्यांचं, त्याचा या देशाशी खास संबंध नाही. तिथंच सावध व्हायला हवं. वेरूळ करून संध्याकाळी इकडं येणारे बरेच असतात. वेरूळबद्दल नवं काय लिहायचं? मंगळवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

पहिली फसवणूक मापाची. आयरिश किंवा ब्रिटिश पाइंट म्हणजे ५६८ मिली, अमेरिकन ४७३. आपल्याकडे परमिट रूममध्ये पाइंट म्हटलं की ३३० मिलीची छोटी बाटली, हे लहान पोरालाही माहीत आहे. पब नेमका या दोन्हींच्या मधे खेळतो. मेनूवर चित्र असतं उंच आयरिश ग्लासचं, दरही त्याच तोऱ्यातला, आणि टेबलावर येतात ३३० मिली. म्हणजे चित्रातल्यापेक्षा २३८ मिली कमी, जवळपास ४२ टक्के. ऑर्डर देण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: "भाऊ, ग्लासात किती मिली?" उत्तर "फुल ग्लास असतो सर" असं आलं तर बाटलीच मागवा. समजा ३३० मिली ४५० रुपयांना आणि ६५० मिलीची बाटली ५०० ला आहे. पहिल्यात १०० मिलीला १३६ रुपये पडतात, दुसऱ्यात ७७. दर जागेनुसार बदलतील, फरकाची जात तीच राहते. ग्लास घेतलाच तर फेस बसेपर्यंत थांबा आणि रेघ बघा. तीन बोटं फेस हा काही पाहुणचार नव्हे.

आता काळी बियर. गिनेस या आयरिश काळ्या बियरचं नाव मेनूवर असणं आणि गिनेस फ्रिजमध्ये असणं या वेगळ्या गोष्टी. आधी विचारा. "डार्क आहे ना सर, सेमच" असं म्हणाले की नको म्हणा. दुसरी कुठली तरी गडद लागर (आपली नेहमीची बियर असते तो प्रकार) येते, तिला रंग असतो पण भाजलेल्या जवाची कडवट चव नसते. खरा ड्राफ्ट स्टाउट, म्हणजे नळावरची अशी भाजलेल्या जवाची काळी बियर, मऊ लागतो तो नायट्रोजनमुळं. साध्या बियरमध्ये फक्त कार्बन डायऑक्साइड असतो, इथं मिश्रणात नायट्रोजन जास्त. तो बियरमध्ये फारसा विरघळत नाही, म्हणून बारीक बुडबुडे सुटतात आणि साईसारखा फेस धरतो. नळावरून ओतायची रीत अशी: ग्लास ४५ अंशात तिरका, पाऊण भरायचा, बाजूला ठेवून बुडबुडे बसू द्यायचे, मग सरळ धरून काठोकाठ भरायचा. सगळं मिळून दोन मिनिटं. दहा सेकंदांत काळा ग्लास समोर आला तर समजून जा.

कॅन असेल तर गोष्ट वेगळी. ड्राफ्ट कॅनच्या आत प्लास्टिकचा छोटा गोळा असतो, झाकण फोडलं की त्यातला नायट्रोजन सुटून फेस होतो. हा कॅन किमान तीन तास थंड झालेला हवा. कोमट असला तर फोडल्याबरोबर उतू जातो, टेबल भिजतं आणि पैसे पूर्ण लागतात. म्हणून कॅन तुमच्यासमोर फोडायला सांगा. ४४० मिलीचा कॅन लहान ग्लासात ओतून उरलेला बारवर ठेवून देण्याची सवय काही ठिकाणी आहे, तीही त्यामुळं मोडते. आणि रंग बघून घाबरू नका. गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्के, म्हणजे आपल्या साध्या माइल्ड बियरपेक्षाही हलकी. काळी म्हणजे कडक हा गैरसमज वेटर लोकही पसरवतात.

खरं सांगायचं तर या गावात आयात बियरचा हट्टच कशाला? वाळूजची एमआयडीसी बियरचं मोठं केंद्र आहे. देशात खपणाऱ्या नावाजलेल्या ब्रँडचे कारखाने इथं आहेत आणि ते जायकवाडीच्या पाण्यावर चालतात. २०१६ च्या दुष्काळात हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी कापायला लावलं होतं, हे मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. असो. लागर बियर ताजी असताना सगळ्यात चांगली लागते. तेव्हा लेबल फिरवा, कारखान्याचा पत्ता आणि उत्पादनाची तारीख वाचा. वाळूजची आणि महिना-दीड महिन्याच्या आतली बाटली मिळाली तर ती घ्या. समुद्र ओलांडून, गोदामात उन्हाळा काढून आलेल्या हिरव्या बाटलीपेक्षा ती कधीही सरस. हिरव्या काचेतून प्रकाश आत जातो आणि बियरला उग्र वास धरतो. दिव्याखाली शोकेसमध्ये मांडलेली बाटली तर घेऊच नका.

नळाची बियर मागवणार असाल तर ग्लासकडे नीट बघा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास स्वच्छ नाही. स्वच्छ ग्लासात बियर खाली जाईल तशी फेसाची कडी मागं राहते. तेलकट किंवा साबणाचा अंश असलेल्या ग्लासात फेस अर्ध्या मिनिटात मरतो. एप्रिल-मेमध्ये हा प्रकार जास्त. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी, बाकी सगळं टँकरवर. मग ग्लास एकाच टबात बुचकळून काढले जातात. त्या दिवसांत बाटली बरी, आणि बर्फही जपून. याशिवाय संध्याकाळचा पहिला ग्लास घेऊ नका. रात्रभर नळीत उभी राहिलेली बियर त्यात येते. लोण्यासारखा किंवा आंबूस वास आला तर नळी साफ केलेली नाही. दर दोन आठवड्यांनी करायची असते. ग्लास परत करा, वाद घालत बसू नका. उन्हाळ्यात लाइट गेली असेल तर कूलर बंद पडून नुसता फेस येतो, तेव्हा तर ड्राफ्टचं नावच काढू नका.

व्हिस्कीत पब बरा. जेमसन ही आयरिश व्हिस्की बहुतेक वेळा असते. आयरिश व्हिस्की म्हणवून घ्यायला आयर्लंडमध्येच लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरावी लागते. जेमसन तीनदा गाळलेली असते, म्हणून सौम्य. पाण्याचे चार थेंब पुरतात, सोड्यात बुडवू नका. बाटली टेबलावर आणायला सांगा आणि शिक्क्याच्या मापानं ३० मिली ओतून घ्या. "आयरिश" नावाच्या कॉकटेलमध्ये मात्र हाताशी असेल ती देशी व्हिस्की जाते, त्यासाठी आयात दर मोजू नका.

आयरिश कॉफी हा इथला सगळ्यात फसलेला पदार्थ. नीट केली तर झकास लागते, म्हणून पद्धत लिहितो. काचेचा ग्लास गरम पाण्यानं तापवून पाणी फेकायचं. एक-दोन चमचे ब्राउन शुगर, सुमारे १२० मिली कडक गरम काळी कॉफी, साखर पूर्ण विरघळवायची, मग ४० ते ५० मिली व्हिस्की. वर क्रीम चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचं. ते किंचित फेटलेलं पण ओतता येईल इतकं पातळ हवं. ढवळायचं नाही, गार क्रीममधून गरम कॉफी प्यायची. चुकतं कुठं? साखर वगळली की खालचं द्रव हलकं राहतं आणि क्रीम बुडतं. म्हणून "शुगर-फ्री करून द्या" म्हणू नका. पाकिटातलं २५ टक्के फॅटचं क्रीम नीट फेटलं जात नाही, मग बारवाला स्प्रेच्या डब्यातला गोड फेस मारतो. आणि सगळ्यात मोठी बनवाबनवी म्हणजे दुधाची इन्स्टंट कॉफी आणि त्यात आयरिश सिरप. सिरपमध्ये दारूचा थेंब नसतो. मेनूत ही कॉफी कोल्ड कॉफी-चहाच्या रांगेत छापलेली दिसली की शंका घ्यावी. "व्हिस्की कुठली टाकणार?" एवढं विचारलं की खरं कळतं.

जेवणाचं थोडक्यात. फिश अँड चिप्स घ्या, पण पहिल्या तासात. मासा बासा असतो, फ्रोझन. समुद्र इथून लांब आहे, त्याबद्दल तक्रार करू नये. आवरण मैदा, थोडं कॉर्नफ्लोअर आणि एकदम गार बियर यांचं असेल आणि तेल १८० अंशांच्या आसपास असेल तर कुरकुरीत येतं. गर्दी वाढली की कढईत एकदम सहा-सात तुकडे पडतात, तेल थंडावतं, आवरण तेल पितं आणि मासा आत वाफाळून लिबलिबीत होतो. नऊनंतर येणारी प्लेट तशीच असते. शाकाहारी मंडळींनी फ्राइजचं तेल वेगळं आहे का ते विचारावं, बहुधा नसतं. व्हिनेगर मागितलं तर मिरच्या घातलेली चायनीजची बाटली येते.

आयरिश स्ट्यू घेऊ नका. खरा स्ट्यू अगदी गरीब पदार्थ आहे: मटण, बटाटा, कांदा, पाणी, मीठ, मिरी, थोडं थाइम, आणि दीड-दोन तास मंद आच. बटाटा विरघळून रस दाट होतो. इथं येतो तो टोमॅटोचा लाल रस्सा, गरम मसाल्यासकट, आणि घाईत कुकरला लावलेलं चिवट मटण. मटणाची हौस असेल तर दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात जाऊन नान-खलिया खा. स्वस्त पडेल आणि निदान नावाला जागेल. पबात बसून चकणा म्हणून मसाला पापड आणि उकडलेले शेंगदाणे मागवा, ते उत्तम देतात. बाकी मॅश, सूप वगैरे ठीक.

आता बिल, म्हणजे खरं दुखणं. दारू जीएसटीत येत नाही. महाराष्ट्रात परमिट रूममधल्या दारूवर नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के व्हॅट आहे आणि जेवणावर ५ टक्के जीएसटी. जेवण १२०० आणि दारू २००० झाली तर जीएसटी ६०, व्हॅट २००, एकूण ३४६०. बस. आता हातात पडणारं बिल बघा: ३२०० वर १० टक्के सर्व्हिस चार्ज ३२०, मग त्या सगळ्या ३५२० वर ५ टक्के जीएसटी १७६, शिवाय व्हॅट २००. एकूण ३८९६. म्हणजे ४३६ रुपयांचा चुना, आणि सगळं छापील असल्यामुळं कुणी बघत नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही; केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे ४ जुलै २०२२ चे निर्देश आहेत आणि दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. आवाज न चढवता "हा काढून द्या, आणि दारूवरचा जीएसटीपण" म्हणायचं. मॅनेजर आला की बिल दुसऱ्यांदा निघतं. नाहीच ऐकलं तर बिलाचा फोटो काढा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला लावा. वेटरला खूश करायचं असेल तर हातात रोख द्या, ते त्याच्याच खिशात जातं.

पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेता येतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलंय. बसल्या बसल्या आधी साधं पाणी मागा, नाहीतर वेटर न विचारता बाटली फोडतो. पिण्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांचा असतो. त्या नावाखाली जास्त लावलं असेल तर विचारा. कार्यक्रमाच्या रात्री प्रवेश फी घेतात, त्यातले किती रुपये खाण्यापिण्यात वळते होतात हे दारातच लिहून घ्या. १७ मार्चला सेंट पॅट्रिक डे या आयरिश सणाची हिरवी बियर म्हणजे साध्या लागरमध्ये खायचा रंग, तिचे जादा पैसे देणं निव्वळ मूर्खपणा. आषाढी एकादशी आणि २ ऑक्टोबर ड्राय डे, त्या दिवशी बाहेरगावाहून येऊ नका. बियरसाठी वय २१ पूर्ण आणि कडक दारूसाठी २५. कॉलेजच्या पोरांनी ओळखपत्र जवळ ठेवावं.

परतीचं आधी ठरवा. ६५० मिलीची ८ टक्के स्ट्राँग बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिली पेग म्हणजे जेमतेम १३. एक बाटली बरोबर चार पेग, "मी तर फक्त बियर घेतली" हे पोलिसांना सांगून उपयोग नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची मर्यादा आहे आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी हॉटेलवर ठेवून या. रिक्षा मीटरनं येत नाही, येतानाच जाण्यायेण्याचं भाडं ठरवून रिक्षावाल्याचा नंबर घ्या. रात्री उशिरा पबासमोर उभे असलेले दुप्पट मागतात. आणि स्वयंपाकघर बारच्या आधी बंद होतं, तेव्हा जेवणाची ऑर्डर दुसऱ्या ग्लासाबरोबरच देऊन टाका.